मदत हवी आहे: गोधडीचा मध्य मुद्दाम सरकवलाय, पण मोजताना चुकल्यासारखं दिसतंय

मंडळी, गोधडी शिवणारं किंवा शिवून घेणारं कुणी असेल तर सल्ला द्या. मी नाशिकची.

आजीची दोन सुती लुगडी आहेत, काळ्या चंद्रकळा साडीतून धड निघालेलं जेमतेम दीड मीटर कापड आहे आणि येवल्याच्या जुन्या पैठणीच्या पदरातला मोरांचा हातभर तुकडा. पैठणीचं बाकी अंग विरलंय. मुलीच्या पलंगासाठी पाच बाय साडेसात फुटांची गोधडी करायची आहे. वरचा थर मी जोडून द्यायचा आणि पंचवटीतल्या एक मावशी हाताने टाके घालणार, असं ठरलंय.

अडचण मांडणीची. मोर मधोमध आणि भोवती सारख्या चौकटी, हे सासूबाईंना हवंय. दिसेल नीटच, पण मला ती हॉटेलातली चादर वाटते. शिवाय काळं कापड चारही बाजूंना पुरवायचं तर पट्ट्या फारच बारीक होतात. म्हणून मोर मध्यापासून चार इंच डावीकडे घेतला आणि काळं सगळं डाव्याच बाजूला लावलं. फरशीवर मांडून पाहिलं तर हे ठरवून केलंय असं कुणालाच वाटेना. नजरही सारखी डावीकडे घसरते.

आणखी एक. मावशी काठापासून धावदोरा घालत आत आत येतात. म्हणजे टाक्यांची चौकट मधोमध मिटणार आणि मोर राहणार बाजूला. विचित्र दिसेल का?

प्रतिसाद १

ताई, चार इंच म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. सरकवायचं तर बेधडक सरकवा. तुमची रुंदी साठ इंच, म्हणजे मध्य तीसवर. मोराचा मध्य डाव्या काठापासून वीस इंचांवर आणा. लांबीतही तसंच, पण पायथ्याकडून तीस इंच मोजा, डोक्याकडून नको. पैठणीची जर गालाला टोचते, आणि वरचा भाग तसाही उशीखाली जातो. (अंथरलेल्या गोधडीचा दिसणारा मध्य आणि टेपने मोजलेला मध्य एक नसतो, हे सासूबाईंनाही सांगून बघा.)

काळ्याचा मोठा तुकडा मोराच्या तिरक्या समोर, उजवीकडे वर टाका. मग दोन-तीन छोटे तुकडे मोराजवळ. तोल रंगापेक्षा गडद-फिक्यावर ठरतो. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करा, वजन कुठे पडतंय ते लगेच कळेल. आणि बाहेरची किनार मात्र चारही बाजूंना एकाच कापडाची, एकाच रुंदीची ठेवा. आत कितीही मोकळं वागा, किनार सरळ असली की बघणाऱ्याला कळतं की हे ठरवून केलंय.

प्रतिसाद २

उत्तर कर्नाटकात सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात तिचे फोटो शोधा. त्याही काठापासून सुरू करून टाके घालत आत येतात, हाताला येईल तो तुकडा लावत जातात. आतला भाग मुक्त, पण चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं हवीतच. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्याही पाहा. कामाचे जुने कपडे, जीन्स वापरून केलेल्या, एकाही रेषेला फूटपट्टी लावलेली नाही. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या लागल्या होत्या, 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. त्यांतल्या पुष्कळ गोधड्यांत एकाच जातीची पट्टी पुन्हा पुन्हा येते, फक्त दर वेळी लांबी-रुंदी वेगळी. तुमच्याकडे लुगड्यांचे काठ असतील ना? तेच वापरा.

प्रतिसाद ३

टाक्यांबद्दल. दोन मध्य वेगळे असले तर छानच, फक्त दोरा एकाच रंगाचा ठेवा. खरी भीती दुसरी आहे. कवंदीत तुकडे शिवता शिवताच लागतात, त्यामुळे जास्तीचं कापड तिथल्या तिथे दुमडता येतं. तुमचा वरचा थर आधीच जोडलेला असणार. काठावरून आत येताना सैल कापड मध्यावर ढकललं जाऊन फुगा येतो. देण्याआधी सगळे थर ताणून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. आणि चंद्रकळा आधी वेगळी भिजवून बघा. रंग सोडत असेल तर फिक्या लुगड्याचं वाटोळं होईल.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फोटो काळा-पांढरा करून पाहिला, डावी बाजू नुसती कोळसा! आता काळं उजवीकडे वर नेलंय, मोर वीस इंचांवर. काठ भरपूर आहेत, एक हिरवा इरकलीचा तर अख्खा निघाला. चंद्रकळा बादलीत टाकलीये, पाणी निळसर झालंय. मिठाच्या पाण्याने रंग थांबतो म्हणतात, ते खरं का? की हे कापड बादच करू?

प्रतिसाद ३

मिठावर भरवसा नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. मग ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला डाग लागला तर ते कापड वर नको, मागच्या गडद अस्तराला लावा.