जुन्या फोटोत मालगाडीच्या मागे पण इंजिन? आणि विजेच्या इंजिनाला दांडे?

अल्बमवाला:
आजोबांच्या पेटीत एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सापडलाय, मागे पेन्सिलीने फक्त "कर्जत". मालगाडी आहे, शेवटी गार्डचा डबा आणि त्याच्याही मागे एक इंजिन! वर पँटोग्राफ (तारेतून वीज घेणारा सांगाडा) म्हणजे विजेचंच, पण चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे आणि दोन्हीकडे लांब नाकं. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे (आजोबा हेच म्हणायचे), आखूड, चारचाकी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं दिसतात. साल कुठलं असेल? आणि गाडी नक्की कुठे चाललीय?

घाटरोड:
अरे हा तर खेकडा (या इंजिनाचं टोपणनाव)!! प्रकार डब्ल्यूसीजी-1, जीआयपीने 1928 पासून आणलेली, एकूण 41, पहिली काही स्वित्झर्लंडची, बाकीची इंग्लंडची. मोटर चाकांपाशी नाहीत, त्या नाकांत बसवल्यात, तिथून दांड्यांनी तीन-तीन धुऱ्यांना जोर मिळतो. नाकं मधल्या भागापासून सुटी असल्याने वळणावर इंजिन वाकतं. आणि मागे आहे तो बँकर. बोरघाटाचा चढ 37 ला 1 (37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर), एकट्या पुढच्या इंजिनाचं काम नाही ते, म्हणून कर्जतला मागून ढकलायला लावतात, आजही लावतात. म्हणजे गाडी लोणावळ्याकडे निघालीय.

वाघीणप्रेमी:
कल्याण-पुणे मार्गावरच्या विजेच्या तारा 1929 ला पूर्ण झाल्या आणि जीआयपीची मध्य रेल्वे झाली 5 नोव्हेंबर 1951 ला. त्यामधला फोटो असणार. पण अक्षरं इंजिनावर आहेत की वाघिणीवर ते बघा, वाघिणी काय लगेच रंगवत बसत नाहीत कोणी, त्यावर साल ठरवलं तर फसाल. बाकी त्या चारचाकीत विसेक टन माल जायचा, आत्ताच्या बॉक्सएन वाघिणीत 58 च्या आसपास. गार्डचा डबा नीट स्कॅन करून टाका ना प्लीज, इंजिनांचे फोटो ढिगाने मिळतात, त्या डब्याकडे कोणी कॅमेराच वळवत नाही!

घाटरोड:
+1. खेकडा प्रत्यक्ष बघायचा तर वरळीला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभा आहे, पोरांना घेऊन जा.

अल्बमवाला:
भिंग घेऊन बसलो. अक्षरं वाघिणीवरच आहेत, झालं म्हणजे साल गेलं 😀 इंजिनाचा नंबर वाचायला गेलो तर बरोब्बर तिथेच फोटो काढणाऱ्याचं बोट आलंय. बहुतेक आजोबांचंच. गार्डचा डबा मात्र स्वच्छ आलाय, संध्याकाळी टाकतो.