वार्षिक पासिंगला तीन आठवडे उरलेत, कुठून सुरुवात करावी? (पेट्रोल हॅचबॅक, ११ वर्षं जुनी)

निळी_हॅचबॅक

गाडी ११ वर्षांची, १ लाख ३० हजार किमी चाललेली. पेट्रोल, मॅन्युअल, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. तीन आठवड्यांनी वार्षिक तपासणी आहे. मागच्या वर्षी पास झाली होती, पण तेव्हाच्या रिपोर्टमधले काही आकडे काठावर आहेत:

पुढचे ब्रेक: डावा २.४, उजवा २.३ किलोन्यूटन
मागचे ब्रेक: डावा १.६, उजवा १.२ किलोन्यूटन
वाढवलेल्या आरपीएमला सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) ०.१८ टक्के, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९८
शेरा: उजव्या हेडलाइटचा झोत वर

या वर्षात दोन गोष्टी नव्याने सुरू झाल्यात. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि विझतो, पण गाडीने साधारण २० चा वेग घेतला की पुन्हा लागतो. आणि खराब रस्त्यावर पुढून उजवीकडून खडखड येते. गॅरेजवाले म्हणतात, चारही चाकांचे ब्रेक, दोन्ही लोअर आर्म (पुढच्या चाकांना धरणारे खालचे दांडे), ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सर, सगळं बदला. सरसकट बदलायच्या आधी नक्की काय तपासावं, आणि कोणत्या क्रमाने?

ड्रम_डिस्क

तुमच्याकडे आकडे आहेत, म्हणजे अर्धं निदान झालेलं आहे. सरसकट काहीही बदलू नका.

आधी ब्रेक. चारही चाकांची बेरीज ७.५ किलोन्यूटन. साधारण हजार किलोच्या गाडीला हे सत्तर टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे एकूण ताकद भरपूर आहे. प्रश्न मागच्या दोन चाकांतल्या फरकाचा आहे. मोठ्या आकड्यातून लहान वजा करा आणि मोठ्यानेच भागा: ०.४ भागिले १.६, म्हणजे २५ टक्के. युरोपीय संघाच्या नियमांत एकाच ॲक्सलवरच्या कमी ओढणाऱ्या चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी झाला की गाडी नापास, म्हणजे फरकाची मर्यादा ३०. इतर ठिकाणी आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण मोजण्याची रीत बहुधा हीच. २५ वर असलेली गाडी वर्षभरात ३० ओलांडते, हे गृहीत धरून चाला. पुढच्या ब्रेकमध्ये फरक जेमतेम ४ टक्के आहे. पॅडची जाडी पाहा, पुरेशी असेल तर पुढे हात लावायची गरज नाही.

आता मागे. उजवा कमी ओढतो की डावा जास्त धरतो, हे आधी ठरवा. चाक वर उचला, हँडब्रेक सोडा, हाताने फिरवा. डावं जड फिरत असेल तर त्याचा शू (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा भाग) अडकतोय किंवा हँडब्रेकची केबल आत गंजून परत येत नाहीये. दोन्ही मोकळी फिरत असतील तर उजवा ड्रम उघडा. आत ही कारणं सापडतात:

१. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) पाझरतोय. रबरी टोपीची कड उचलून पाहा. आत ओल दिसली की सिलिंडर गेला. शूवर ब्रेक ऑइल पडलं असेल तर तो शू फेकाच. पेट्रोलने धुतला तरी लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) मुरलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा बाहेर येतं.

२. ॲडजस्टरचा (शू ड्रमच्या जवळ ठेवणाऱ्या भागाचा) दातेरी स्क्रू जाम झालाय. मग लायनर झिजत जातं, शू ड्रमपासून लांब राहतो आणि पेडल खाली जातं. स्क्रू काढून वायर ब्रशने साफ करा, आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या स्क्रूचे आटे बहुतेक गाड्यांत उलट असतात. दोन्ही ड्रम एकदम उघडून भाग एका डब्यात टाकले आणि अदलाबदल झाली, तर ॲडजस्टर शू जवळ आणण्याऐवजी लांब नेतो. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहते.

३. ड्रमला कड आलीय किंवा तो मर्यादेपलीकडे झिजलाय. कमाल व्यास ड्रमवरच ओतलेला असतो, व्हर्नियरने मोजा.

शू आणि सिलिंडर एका बाजूचे बदलायचे ठरले तर दुसऱ्या बाजूचेही बदला. एक नवा आणि एक जुना ठेवलात तर ज्या फरकासाठी एवढा खटाटोप केला तोच परत येईल. सिलिंडरच्या पाइपचा नट साध्या पान्याने काढू नका, कोपरे गोल होतात. फ्लेअर नटचा पाना वापरा, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नटाबरोबर पाइपही पिळवटायला लागला तर तिथेच थांबा, नाहीतर पाइपही नवा टाकावा लागेल. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ती फुप्फुसात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसा.

हँडब्रेकचा क्रम सगळीकडे चुकतो, म्हणून वेगळं लिहितो. आधी लिव्हरजवळचा केबलचा नट पूर्ण सैल करा. मग शू ॲडजस्ट करा, म्हणजे चाक फिरताना अगदी हलकं घासल्याचा आवाज येईल इतपत. मग पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे शू मध्यावर बसतात. आणि सगळ्यात शेवटी केबल ताणा. झिजलेल्या शूची भरपाई केबल ताणून केली की ॲडजस्टरचं काम बंद पडतं आणि हँडब्रेकचं मापही काही आठवड्यांत घसरतं.

नवे शू बसायला वेळ लागतो. ५० वरून २० पर्यंत हलक्या ब्रेकने वेग कमी करा, मध्ये थंड होऊ द्या, असं वीसेक वेळा. ब्रेकचं काम पहिल्या आठवड्यातच उरका ते याचसाठी. तपासणीच्या आदल्या दिवशी नवे शू टाकलेली गाडी ब्रेक मोजणाऱ्या रोलरवर जुन्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. सिलिंडर बदलल्यावर सिस्टीममधली हवा काढावीच लागते, तेव्हा ब्रेक ऑइल पूर्ण नवं भरून टाका. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो.

लॅम्डा_एक

ब्रेकबद्दल वर आलंच आहे, मी धुराचं बघतो.

सीओ ०.१८ आणि लॅम्डा ०.९८ म्हणजे मिश्रण किंचित पेट्रोलकडे झुकलेलं. लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये हवा, आणि २००२ च्या मध्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना युरोपात २००० आरपीएमच्या वर सीओ ०.२ पर्यंतच चालतो. तुमची गाडी आत आहे, पण जेमतेम.

ऑक्सिजन सेन्सर विकत घ्यायच्या आधी ओबीडी ॲडाप्टर (गाडीच्या कंट्रोल युनिटमधली, म्हणजे कॉम्प्युटरमधली, माहिती वाचणारं उपकरण) लावून तीन गोष्टी वाचा.

पहिली, इंजिनचं तापमान. वीस मिनिटं चालवल्यावर ते ९० च्या आसपास स्थिर हवं. ७० वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. इंजिन अजून थंड आहे असं समजून कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडत राहतं. सीओ वाढण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण, आणि हेच सगळ्यात कमी तपासलं जातं.

दुसरी, फ्युएल ट्रिम, म्हणजे कंट्रोल युनिट पेट्रोल किती कमी-जास्त करतंय ते. शॉर्ट आणि लाँग टर्म मिळून उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावं. उणे १५ किंवा त्याखाली असेल तर जादा पेट्रोल कुठून तरी येतंय: गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किंवा पेट्रोल मिसळलेलं जुनं इंजिन ऑइल. शेवटचं कारण विसरू नका. थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, आणि ब्रीदरच्या नळीतून त्याची वाफ परत इंजिनात जाते. तपासणीआधी ऑइल आणि एअर फिल्टर बदलल्याने सीओ खाली येतो तो बऱ्याचदा यामुळेच.

तिसरी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) मागचा ऑक्सिजन सेन्सर. गरम इंजिन २५०० आरपीएमवर स्थिर धरा. मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या जवळ शांत राहिला तर कन्व्हर्टर जिवंत आहे. पुढच्या सेन्सरसारखाच तोही वरखाली नाचत असेल तर कन्व्हर्टर संपलाय, आणि टाकीत कुठलंही औषध ओतून तो परत येत नाही.

लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर आधी सायलेन्सरच्या जोडांत गळती शोधा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मशीनला ऑक्सिजन जास्त दिसतो. चालू इंजिनला टेलपाइप जाड फडक्याने क्षणभर झाका, फुसफुस कुठून येते ते ऐका. हे उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नाही. अख्खा सायलेन्सर बदलण्याऐवजी एक गॅस्केट पुरू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तपासणीच्या तोंडावर कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड पुसू नका, बॅटरीही काढू नका. कोड पुसले की कंट्रोल युनिटच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. जिथे ओबीडी वाचतात तिथे 'चाचण्या अपूर्ण' म्हणून गाडी परत पाठवतात. त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातली थांब-चाल आणि हायवेवरचा स्थिर वेग, असं मिश्र चालवणं लागतं. साधारण १०० किमी धरा, काही गाड्यांना जास्त.

त्या दिवशी गाडी १५-२० मिनिटं नीट चालवून थेट न्या. रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास उभी राहिली तर कन्व्हर्टर थंड होतो, आणि २५०-३०० अंशांच्या खाली तो जवळजवळ काहीच काम करत नाही.

काटकोन

हेडलाइटचं काम घरी होतं. सपाट जागा, समोर भिंत, टायरमध्ये योग्य हवा, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, डॅशबोर्डवरचं झोत खाली करायचं चाक शून्यावर. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीची रेघ मारा. दिव्यावर किंवा बॉनेटखाली उताराची टक्केवारी छापलेली असते, बहुधा १ ते १.३. १ टक्का असेल तर ५ मीटरवरून झोताची वरची कड रेघेच्या ५ सेंमी खाली हवी. आधी बल्ब नीट बसलाय का बघा. त्याच्या पाकळ्या खाचेत बसल्या नसतील तर स्क्रू कितीही फिरवा, झोत फाटकाच दिसेल. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला असेल तर काढा. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, एलईडीने झोताची कड पसरते.

मागचे दिवे एकेक नाही, एकत्र लावून पाहा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होत असेल किंवा पार्किंगचा दिवा लुकलुकत असेल तर बल्ब चांगलेच आहेत, अर्थिंग खराब आहे. होल्डरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, दिवे चालू ठेवून, मल्टीमीटर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर तो जोड घासून साफ करा.

टायरच्या आतल्या कडेला हात फिरवा, बाहेरून दिसत नाही. खाचांतल्या उंचवट्यापर्यंत झीज पोचली म्हणजे १.६ मिमी, तिथे टायर संपला.

निळी_हॅचबॅक

खूप धन्यवाद. ओबीडी लावलं. तापमान ७४ वर अडकतंय, ट्रिम उणे ९, मागचा सेन्सर ०.६५ वर शांत. म्हणजे थर्मोस्टॅटच दिसतोय. मागचा उजवा ड्रम उघडला, सिलिंडरची टोपी आतून ओली आहे.

आता एबीएसचा दिवा आणि पुढची खडखड राहिली. चाक जॅकवर उचलून हलवलं तर थोडा प्ले (ढिलेपणा) जाणवतो, पण नेमका कशाचा ते कळत नाही.

बुश_आणि_बेअरिंग

गाडी आधी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. चाक मोकळं लटकू द्या.

हात वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टिअरिंग रॅकच्या आतला जोड. टाय रॉड एंडवर बोटं ठेवून दुसऱ्याला चाक हलवायला सांगा, ठोका बोटांना कळतो. काहीच हाती लागलं नाही तर स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडकडे बघा. बारीक खड्ड्यांवरची खडखड बहुतेक वेळा तिचीच असते.

बेअरिंग निघालं तर एबीएसचं कोडंही त्यातच सुटू शकतं. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी कडं असतं आणि सेन्सर त्याचीच फिरती मोजतो. बेअरिंग ढिलं झालं की सेन्सरपासूनचं अंतर बदलतं. आधी खात्री करा: एबीएसचा डेटा वाचणाऱ्या स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावा आणि गाडी सरळ रेषेत चालण्याच्या वेगाने न्या. जे चाक इतरांआधी शून्य दाखवतं किंवा मध्येच उडी मारतं, ते दोषी. नवं बेअरिंग दाबताना चुंबकी बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं बसवलं तर सिग्नल मिळतच नाही आणि बेअरिंग पुन्हा नवं घ्यावं लागतं. दिव्याचा बल्ब काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चावी फिरवल्यावर तो दिवा लागतो की नाही, हेच तपासणारा आधी बघतो.

लोअर आर्म बदलावा लागला तर बुशचे (त्याच्या जोडातल्या रबराचे) बोल्ट चाक लटकत असताना घट्ट करू नका. आधी नुसते अडकवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. लटकत्या स्थितीत आवळलं की उभ्या गाडीतही बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. टाय रॉड काढला तर अलाइनमेंट करून घ्या. हेडलाइट त्यानंतरच लावा, कारण पुढचं काम झाल्यावर गाडीची उंची थोडी बदलू शकते.

ड्रम_डिस्क

सिलिंडर ओला म्हणजे दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू याच आठवड्यात बदला. थर्मोस्टॅटसाठी बॅटरीची वायर काढावी लागली तर तेही आत्ताच उरका, म्हणजे ओबीडीच्या चाचण्या पूर्ण व्हायला पुढचे दोन आठवडे मिळतील. पुढची खडखड आणि एबीएस दुसऱ्या आठवड्यात, अलाइनमेंट आणि हेडलाइट तिसऱ्यात. एक राहिलं: आत्ता खालून काळा अंडरकोट मारून घेऊ नका. ताजा जाड थर दिसला की खाली गंज लपवलाय अशी शंका येते आणि तिथेच ठोकून बघतात. मारायचाच असेल तर पासिंग झाल्यावर, गंज घासून काढून मारा.