पीसीओएस, मूल हवंय आणि घरगुती उपाय: गोळ्यांबरोबर काय चालेल?

शेवंती:
वहिनीसाठी विचारते आहे. वय ३१, वजन ६० किलो, पीसीओएस (संप्रेरकांचा बिघाड, बीज वेळेवर सुटत नाही). पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. सकाळी थायरॉइडची गोळी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम आणि दोन्ही जेवणांनंतर साखरेवरची मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम चालू आहे. आता मूल हवंय, म्हणून मावससासूबाईंनी यादी दिली: अनशापोटी भिजवलेले मेथीदाणे, गरम पाण्यात चमचाभर दालचिनीपूड, जवस, रात्री दुधातून अश्वगंधा आणि एका वैदूकडची शिवलिंगीची (मूल व्हावं म्हणून देतात त्या बियांची) पूड. पाळी लांबली की तीळ-गूळ-ओव्याचा काढा. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. यातलं काय ठेवावं?

खलबत्ता:
वैदूची पूड आजच बंद. बाकीच्यांवर बोलता येईल.

दालचिनी: किराणा दुकानात मिळते ती बहुतेक वेळा जाड, कडक, एकाच पदराची असते, म्हणजे कॅसिया. तिच्यात कुमारिन असतं आणि ते जास्त झालं तर यकृताला बाधतं. रोजची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे वहिनींसाठी ६ मिलिग्रॅम. सपाट चमचाभर पूड साधारण अडीच ग्रॅम भरते आणि कॅसिया असेल तर एवढ्यातच ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. चहात-भाजीत चिमूटभर खुशाल घाला, चमचाभर रोज नको. पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरडणारी सिलोन दालचिनी असेल तर कुमारिन नगण्य.

मेथी-जवस: मेटफॉर्मिनबरोबर मेथीने साखर एकदम खाली जाण्याची भीती फारशी नाही, पण गॅस आणि जुलाब वाढतात. खरी अडचण थायरॉक्सिनची. मेथी आणि जवस दोन्ही तंतूंनी भरलेले; गोळीलगत पोटात गेले तर गोळी नीट शोषली जात नाही. उठल्यावर साध्या पाण्याने गोळी, तासाभराने नाश्ता, मेथी-जवस दुपारच्या जेवणात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही थायरॉक्सिनपासून चार तास लांब. जवस अख्खे गिळू नका, तसेच बाहेर पडतात. आठवड्यापुरते भाजून दळा, फ्रिजमध्ये ठेवा (पूड लवकर खवट होते), रोज एक मोठा चमचा आणि वर भरपूर पाणी. चटणी केली तर उत्तमच.

वैद्य_रानवारा:
अश्वगंधा इथे नको. थायरॉइडचं संप्रेरक ती वाढवू शकते. मग टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, रक्तात तपासतात) खाली आलेला दिसतो, गोळीचा डोस कमी केला जातो, आणि चूर्ण थांबलं की टीएसएच पुन्हा चढतो. थायरॉक्सिन चालू असलेल्या बाईचा टीएसएच गर्भधारणेपूर्वी २.५ च्या खाली हवा, त्यात हा गोंधळ कशाला? यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि गर्भारपणात ती टाळतातच.

शिवलिंगीबद्दल: सुट्या पुडीत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं. त्या भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. शिसं हाडांत साठतं, वारेतून बाळापर्यंत पोचतं. पूड बरेच दिवस पोटात गेली असेल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या. आणि ही पूड 'मुलगाच होईल' म्हणून दिली असेल, तर त्यात तथ्य शून्य.

ओपीडी_नंतर:
माझ्या मते यादीतला सर्वांत धोक्याचा प्रकार म्हणजे तो तीळ-गूळ-ओव्याचा काढा. त्यातल्या तिळामुळे नव्हे, तो घेण्याच्या वेळेमुळे. पीसीओएसमध्ये बीज चाळिसाव्या दिवशीही सुटू शकतं, त्यामुळे 'पाळी लांबली' म्हणजे कदाचित गर्भ राहिलेला असतो. आधी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी. निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा. टेस्ट पॉझिटिव्ह असून एका बाजूला ओटीपोटात दुखत असेल, अंगावरून जात असेल किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठा. टेस्ट निगेटिव्ह आणि ९० दिवस पाळी नाही, तर डॉक्टरांकडून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घ्या. पाळी न आल्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, ते काढ्याने उतरत नाही.

फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आजपासून. यादीत नेमकं तेच नाही! मेटफॉर्मिन खूप दिवसांपासून चालू असेल तर बी-१२ तपासा.

पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून मगच तपासण्या करा म्हणतात, पण पाळी अनियमित असेल तर तो नियम लागू नाही. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. घरून नेत असाल तर तासाभरात, खिशात अंगाच्या उबेला ठेवून. सगळे काढे बाईलाच पाजायचे आणि ही साधी तपासणी वर्षभर राहून जायची, हे नेहमीचंच.

शेवंती:
आभार. पूड आणि अश्वगंधा थांबवतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून लसणाची पाकळी आत ठेवायलाही सांगितलंय...

ओपीडी_नंतर:
नको. लसणाने आतली त्वचा भाजते. दही, व्हिनेगर, कडुनिंबाच्या पाण्याने आत धुणं, वाफ, यांतलं काहीच नको. योनीतला पीएच (आम्लतेचं माप) ३.८ ते ४.५ च्या आसपास असतो, तो राखणारे जिवाणू धुतले गेले की संसर्ग वाढतो. वास किंवा खाज नसलेला पातळ, तार सुटणारा स्राव हा बीज सुटण्याच्या सुमाराचा असतो, त्याला औषध लागत नाही. खाज, दह्यासारखे कण किंवा माशासारखा वास असेल तर तपासून नेमकं औषध घ्या.