मिस मार्पल गुन्हे खरोखर सोडवते, की नुसते अंदाज बांधते?

रेवाकाठ

अगाथा ख्रिस्तीचा विषय निघाला की बोलणं हमखास तिच्या बेल्जियन डिटेक्टिव्हवर, प्वारोवर जातं. तिची दुसरी गुन्हे सोडवणारी, मिस मार्पल, तिच्या वाट्याला 'हो, त्या विणकाम करणाऱ्या आजी, पावसाळ्यात वाचायला बऱ्या' एवढंच येतं. मला हे मुळीच मान्य नाही. मार्पलच्या बाराही कादंबऱ्या नुकत्याच क्रमाने वाचून काढल्या आणि आता माझं ठाम मत झालंय, की ख्रिस्तीचं सगळ्यात गंभीर लेखन या मालिकेत आहे.

पहिली कादंबरी 'मर्डर ॲट द व्हिकारेज' १९३० ची. पण बाई त्याआधीच, डिसेंबर १९२७ मध्ये, एका मासिकातल्या कथेत आल्या होत्या. त्या कथेची सुरुवात बघा. मार्पलच्याच घरी मंडळी जमली आहेत. भाचा रेमंड वेस्ट लेखक आहे, एक चित्रकार तरुणी आहे, स्कॉटलंड यार्डचे निवृत्त कमिशनर, एक पाद्री आणि एक वकील. दर मंगळवारी न उलगडलेल्या एकेका गुन्ह्यावर बोलायचं असं ठरतं. ती चित्रकार मुलगी डोकी मोजते. पाच भरतात. सहा असायला हवे होते, म्हणते. तेव्हा मोठ्या खुर्चीत विणत बसलेल्या मार्पलबाई सांगतात, मला विसरलीस की. ज्यांच्या घरात बसलोय त्याच मोजायच्या राहिल्या! आणि मग उत्तर बरोबर येतं ते त्यांचंच.

म्हातारी, अविवाहित, खेड्यात राहणारी बाई. तिला कुणी खिजगणतीत धरत नाही, म्हणून तिच्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात. ख्रिस्तीने या एका गोष्टीवर ४० हून जास्त वर्षं मालिका चालवली, आणि सोबत इंग्लंडमधलं खेडं कसकसं बदलत गेलं तेही नोंदवून ठेवलं. तुम्हाला काय वाटतं? खुनी कोण ते मात्र कुणी फोडू नका, नवे वाचकही असतील.

तर्कट

पूर्ण असहमत. मार्पल मला आवडते, पण ती डिटेक्टिव्ह नाही. 'अमुकतमुक मला आमच्या गावातल्या कोळीवाल्याच्या पोराची आठवण करून देतो' असं म्हणायचं आणि थेट गुन्हेगारावर बोट ठेवायचं, याला तर्क म्हणत नाहीत.

रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते. त्यातला सहावा असा, की योगायोगाने डिटेक्टिव्हला मदत होता कामा नये आणि कारण न देता येणारी, तरी खरी ठरणारी अंतःप्रेरणाही त्याला होता कामा नये. ख्रिस्ती रहस्यकथाकारांच्या ज्या डिटेक्शन क्लबची सभासद होती आणि पुढे अध्यक्ष झाली, त्या क्लबच्या शपथेत 'स्त्रीसुलभ अंतर्ज्ञाना'वर सरळ बंदी होती. मार्पल म्हणजे या बंदीचा उघड भंग आहे.

उदाहरण देतो. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७). शेजारून जाणाऱ्या गाडीत एक माणूस एका बाईचा गळा दाबताना मिसेस मॅकगिलिकडी बघते. तिला फक्त त्याची पाठ दिसते. सुरुवात अशी की पुस्तक हातातून सुटत नाही. मग? प्रेत शोधते मार्पलने कामाला लावलेली लूसी आयलेसबॅरो. रुळांजवळच्या संशयित घरात नोकरी धरून राबते लूसी. मार्पल जवळपास राहते, चहा पिते. शेवटी घशात माशाचा काटा अडकल्याचं नाटक करून मैत्रिणीला खुन्याची पाठ दाखवते. खून कशासाठी झाला हे आपल्याला त्यानंतरच्या दोन-चार पानांत सांगितलं जातं. वाचकाने स्वतः उत्तर काढावं असं आधीच्या दोनशे पानांत काय आहे? ही फसवणूक आहे.

अबोली_पुणे

तर्कट, कोळीवाला म्हणजे कोळसा विकणारा म्हणायचंय ना? कोळीवाला म्हटल्यावर मी मासे विकणारा शोधत बसले. बाकी '४.५०'बद्दल तुमचं बरोबर आहे. तरी मला ते पुस्तक लूसीसाठी फार आवडतं. ऑक्सफर्डला गणितात पहिला वर्ग मिळवलेली मुलगी ठरवून घरकामाचा व्यवसाय करते, कारण युद्धानंतर घरकामाला माणूस मिळेनासं झालंय आणि त्यात पैसा आहे. १९५७ मध्ये हे लिहिणं साधं नाही.

रेवाकाठ

तर्कट, '४.५०'चा शेवट कच्चा आहे हे मलाही मान्य. पण त्या एका पुस्तकावरून पद्धतच मोडीत काढू नका.

अंतःप्रेरणेबद्दल खुद्द मार्पल पहिल्याच कादंबरीत बोलते. ती म्हणते, हे म्हणजे अक्षरं न लावता शब्द वाचण्यासारखं आहे. लहान मुलाला ते जमत नाही, कारण त्याचा अनुभव तोकडा. मोठ्या माणसाने तो शब्द पूर्वी अनेकदा पाहिलेला असतो. म्हणजे नॉक्सला नको असलेली 'कारण न देता येणारी' अंतःप्रेरणा ही नव्हेच. ती कारण देते. फक्त ते कारण सिगारेटच्या राखेत नसतं, माणसांच्या वागण्यात असतं.

याचा कळस 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टु साइड'मध्ये आहे (१९६२). मार्पल आता बरीच थकली आहे. गावाबाहेर झालेली नवी वसाहत बघायला एकटीच जाते आणि तिथे पडते. हेदर बॅडकॉक नावाची बाई धावत येते, घरात नेते, चहा देते. अगदी भली बाई. तरी मार्पलला तिच्यावरून जुन्या ओळखीतली ॲलिसन वाइल्ड आठवते. तीही भलीच, पण आपल्या वागण्याचा समोरच्यावर काय परिणाम होईल हे तिच्या मनातच यायचं नाही. लवकरच हेदरचा खून होतो, आणि सगळे विचारत राहतात की इतक्या निरुपद्रवी बाईला कोण कशाला मारेल. उत्तर त्या चहाच्या प्रसंगात होतं. आपण ते वाचून पुढे गेलेलो असतो. याहून प्रामाणिक दुवा कुठल्या रहस्यकथेत आहे ते सांगा.

मुक्काम_देवरुख

रेवाकाठताई, +१. माझं बालपण लहान गावात गेलंय, त्यामुळे मार्पलची पद्धत मला कधीच खोटी वाटली नाही. शंभर उंबऱ्यांच्या गावात कुणाचा मुलगा परत आला, कुणाकडे अचानक नवी सायकल आली, कोण हल्ली देवळात दिसत नाही, हे सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावरून त्या जे सांगतात ते बहुतेक वेळा खरं निघतं.

ख्रिस्तीने आत्मचरित्रात लिहिलंय, की मार्पलमध्ये तिच्या आजीच्या ईलिंगमधल्या मैत्रिणींचा अंश आहे. आजीही आनंदी स्वभावाची, पण प्रत्येकाकडून वाइटाचीच अपेक्षा करायची आणि ते धडकी भरावी इतकं खरं ठरायचं.

प्वारोचा_शिष्य

सगळं ठीक, पण मग 'फाइव्ह लिटल पिग्ज'चं काय? १६ वर्षांपूर्वीचा खून, पाच साक्षीदार, आणि प्वारो केवळ त्यांच्या आठवणी लिहून घेऊन सत्यापर्यंत जातो. माणसांची पारख तिथेही आहे आणि दुवाही एकेक वाचकासमोर ठेवलेला आहे. ख्रिस्तीचं गंभीर लेखन फक्त मार्पलमध्ये आहे हे विधान मागे घ्या. प्वारोच्या ३३ कादंबऱ्यांत सुमार बऱ्याच आहेत, कबूल. पण वरच्या पाच काढल्या तर त्यांच्याजवळ जाईल अशी मार्पलची एकच कादंबरी आहे, 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'.

रेवाकाठ

'फाइव्ह लिटल पिग्ज' थोर आहेच. तरीही ते एका कुटुंबाचं दुःख आहे. मी म्हणते ते समाजाबद्दल, आणि तुम्हीच नाव घेतलंत म्हणून 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) घेऊ.

गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला लिटल पॅडॉक्स या घरी खून होईल, मित्रमंडळींनी ही सूचना समजावी. सगळे उत्सुकतेने जमतात. दिवे जातात, गोळ्या झाडल्या जातात. रहस्य म्हणून ते चोख आहेच. वंगण घातलेलं दार, बदललेला दिवा, कोळशाची टंचाई असताना पेटवलेलं सेंट्रल हीटिंग, सगळं आपल्या नाकासमोर मांडलेलं असतं.

पण मला अंगावर येतं ते मार्पलचं तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर क्रॅडॉकशी झालेलं बोलणं. पूर्वी गावात नवं कुणी आलं की ओळखीच्या कुणाचं तरी पत्र घेऊन यायचं. आता मोठी घरं विकली गेली, माणसं येतात, आणि ती स्वतःबद्दल जे सांगतील तेवढंच आपल्याला माहीत. कुणी हिंदुस्थानातून आलेलं, कुणी हाँगकाँगहून, कुणी चीनमधून. लक्षात घ्या, १९४७ नंतर हिंदुस्थानातून परतलेले साहेबलोक इंग्लंडमधल्या अशाच गावांत जाऊन राहिले. आपण त्यांना इथून जाताना पाहिलं, तिथे ते कसे पोचले हे या पुस्तकात दिसतं. क्रॅडॉकच्या मनातही हेच चाललेलं असतं. ओळखपत्रं आहेत, रेशनची पुस्तकं आहेत, पण त्यांवर ना फोटो ना बोटांचे ठसे. कुणीही कुणीही होऊ शकतं. ती ओळखपत्रं युद्धात १९३९ मध्ये आली आणि १९५२ मध्ये बंद झाली. हा खून फक्त त्या मधल्या काळातच घडू शकतो.

वाचनखूण

समाजाचं चित्र म्हणता, तर ते कुणाच्या खिडकीतून दिसतं तेही बोला. त्याच पुस्तकात मित्झी आहे. मध्य युरोपातून जीव वाचवून आलेली, घरची माणसं गमावलेली मुलगी. तिच्या भीतीची सगळे थट्टा करतात, ती खोटारडी म्हणून सोडून देतात, आणि लेखिकाही आपल्याला तिच्यावर हसायलाच लावते. युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. मला ती पानं वाचवत नाहीत.

नोकरमाणसांचंही तेच. मालिकेतल्या बहुतेक मोलकरणी मंद, घाबरट, नाकात बोलणाऱ्या. मार्पलबाई स्वतः अनाथाश्रमातल्या मुली आणून त्यांना घरकाम शिकवतात आणि त्यांच्याबद्दल जे बोलतात त्यात प्रेम असलं तरी बरोबरी कधीच नसते. बदलत्या इंग्लंडची ही नोंद असेल, पण ज्यांची मोठी घरं विकली गेली त्यांच्या बाजूने केलेली. उरलेल्यांना आवाज नाही.

रेवाकाठ

वाचनखूण, मित्झीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, त्याचा बचाव मी करणार नाही. एवढंच म्हणेन की शेवटच्या सापळ्यात सगळ्यात मोठा धोका तीच पत्करते आणि त्यासाठी मार्पल तिच्यावर विश्वास टाकते.

पण नोकरांच्या बाबतीत 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) परत वाचा. श्रीमंत फॉर्टेस्क्यूच्या घरात तीन खून होतात. त्यातली तिसरी ग्लॅडिस, मार्पलने शिकवून तयार केलेली मोलकरीण. तिला मारून तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला असतो. पोलिसांचं लक्ष साहजिकच मालक-मालकिणीच्या मृत्यूकडे. मार्पल त्या घरात येते ती ग्लॅडिससाठी. तिला तो चिमटा सहन होत नाही. मारलं ते मारलं, वर त्या मुलीची अशी अवहेलना. सबंध पुस्तकभर ती म्हातारी संतापलेली आहे. मालकाच्या खुनापेक्षा मोलकरणीचा खून ज्याला महत्त्वाचा वाटतो असा त्या काळातला दुसरा इंग्लिश डिटेक्टिव्ह मला तरी आठवत नाही.

तर्कट

हे मात्र मान्य. 'पॉकेट फुल'चं शेवटचं पान जबरदस्त आहे. मार्पल घरी परतते तर ग्लॅडिसचं पत्र आलेलं असतं, सोबत फोटो. आधी डोळ्यांत पाणी, मग राग, आणि मग आपला अंदाज खरा ठरल्याचा विजय.

तरीही माझा मुद्दा तिथेच आहे. तो फोटो नसता तर? पुरावा खटला उभा राहण्याआधी हाती नसतो, तो टपालाने येतो. योगायोगाला बंदी हा नियम इथेही मोडला.

वाचनखूण

आणि माझाही मुद्दा तिथेच आहे. ग्लॅडिस स्वतः आपल्याशी बोलते ती पत्रातून, मेल्यानंतर, अगदी शेवटच्या पानावर. त्याआधी तिच्याबद्दल फक्त इतरांनी बोललेलं ऐकतो.

अबोली_पुणे

जुन्या काळाचे गोडवे गाणारी मालिका असा सूर निघतोय, म्हणून 'ॲट बर्ट्रम्स हॉटेल' (१९६५) आठवून देते. लंडनमधलं एक हॉटेल, आतमध्ये काळ थांबलेला. खरे मफिन, खरा सीड केक, जुन्या पद्धतीचे वेटर. मार्पल लहानपणी तिथे राहिलेली, म्हणून हरखून जाते. आणि हळूहळू तिलाच ते सगळं खोटं वाटायला लागतं. रहस्य म्हणून पुस्तक फार ढिसाळ आहे, दोन गोष्टी जुळतच नाहीत. पण गेलेला काळ कुणी जसाच्या तसा परत दाखवत असेल तर संशय घ्यावा, हे ख्रिस्तीने पंचाहत्तरीत लिहिलंय.

नवखा_वाचक

छान चर्चा. मी यातलं एकही वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

मुक्काम_देवरुख

'अ मर्डर इज अनाउन्स्ड'पासून. त्यानंतर 'मिरर क्रॅक्ड'. 'द मूव्हिंग फिंगर' चांगली आहे, पण मार्पल त्यात अगदी शेवटाकडे येते. 'स्लीपिंग मर्डर' १९७६ मध्ये, लेखिका गेल्यावर छापली गेली, म्हणून लोक शेवटी वाचतात. तसं करू नका, ती कितीतरी आधी, युद्धकाळात लिहून ठेवलेली आहे. 'नेमेसिस'मधल्या थकलेल्या मार्पलनंतर ती वाचली की बाई एकदम तरण्या झाल्यासारख्या वाटतात.

पडद्यावर बघायचं तर बीबीसीची जोन हिक्सनची मालिका, १९८४ ते १९९२. बाराही कादंबऱ्या केल्यात.

प्वारोचा_शिष्य

नवखा, 'फाइव्ह लिटल पिग्ज'ही यादीत घाल. दोन्ही वाचून झाल्यावर इथे येऊन सांग कोण वरचढ ते.

तर्कट

रेवाकाठ, हेदर बॅडकॉकचा मुद्दा डोक्यात घोळतोय. 'मिरर क्रॅक्ड' कॉलेजात असताना वाचली होती, तो चहाचा प्रसंग अजिबात आठवत नाही, म्हणजे मीही तो वाचून पुढे गेलो असणार. परत वाचतो. दुवा तुम्ही म्हणता तसा समोर ठेवलेला असेल तर त्या पुस्तकापुरतं मत बदलेन. माशाच्या काट्याबद्दल मात्र तडजोड नाही.