कुजलेल्या नौकेचा साचा काढून नवे कवच घडवले, तर तो जीर्णोद्धार म्हणावा का?

तापीकाठ (भुसावळ): ‘पेन ड्युइक’ ही शिडाची शर्यतनौका विल्यम फाइफ या स्कॉटिश रचनाकाराच्या आराखड्यावरून १८९८ साली लाकडात बांधली गेली. १९३८ साली ती एरिक ताबार्ली या फ्रेंच दर्यावर्दीच्या वडिलांकडे आली, पण युद्धकाळात पडून राहिल्याने तिचे लाकूड पार कुजले. १९५८ साली ताबार्लीने त्या कुजक्या सांगाड्यालाच साचा मानून त्यावर काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनचे थर चढवले व नंतर आतले लाकूड काढून टाकले. माझ्या मते हा जीर्णोद्धार नव्हे. फाइफची रेषा उरली, पण फळीला फळी भिडवून सांध्यात कापूस ठोकणाऱ्या आणि पाण्यात लाकूड फुगले की तो सांधा आपोआप घट्ट बसतो हे जाणणाऱ्या हातांचे काम गेले.

सातपुडा (शिरपूर): आपले म्हणणे काठावरून ठीक आहे. नौदलात नोकरी करणाऱ्या तरुणाला सगळ्या फळ्या आणि फासळ्या नव्याने घालणे परवडणारे नव्हते, आणि दुसरा पर्याय नौका मोडीत काढण्याचा होता. त्या कवचामुळेच ती आजही समुद्रावर चालते. शर्यतीसाठी जन्मलेली नौका शेडमध्ये अस्सल लाकडासह उभी राहण्यापेक्षा प्लास्टिकच्या अंगाने वारा कापत असेल, तर फाइफनेही तेच पसंत केले असते, असे मला वाटते.

तापीकाठ: फाइफच्या मनातले आपण दोघांनीही सांगू नये! आमच्या गल्लीतल्या वाड्याचे सागवानी खांब काढून त्याच मापाचे सिमेंटचे खांब घातले. वाडा उभा आहे, पण जुना वाडा म्हणून तो कोणी दाखवायला नेत नाही.

यावलचा सुतार: दोघांनीही लाकडाच्या जातीचा विचार केलेला नाही. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती मलबारी सागाची आहे आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते. सागात तेल असल्याने खिळाही टिकतो आणि फळीही. शिवाय लाकडी नौका खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने अधिक कुजते, कारण ते डेकच्या सांध्यांतून झिरपून वारा न लागणाऱ्या कोपऱ्यांत साचून राहते. १९९० नंतर ‘ट्रिंकोमाली’ची दुरुस्ती झाली तेव्हा कुजलेले तेवढे बदलले आणि टिकलेले राहू दिले. जीर्णोद्धार म्हणायचा तर तो हा. अर्थात साग नसता तर ही चैन करता आली नसती, हेही मान्य केले पाहिजे.

सातपुडा: म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे आहात. जिथे टिकाऊ लाकूड उरलेलेच नाही, तिथे काय राखायचे?

यावलचा सुतार: नाही. नवी फळी जुन्याच पद्धतीने बसवली, तर पुढच्या सुताराला ती काढून पाहता येते आणि काम शिकता येते. रेझिनच्या कवचात त्याला काढून पाहण्यासारखे काही सापडत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव): तिसरी वाट कोणी बोलत नाही. पंचम जॉर्ज यांची १८९३ सालची ‘ब्रिटानिया’ ही शर्यतनौका त्यांच्या इच्छेनुसार १९३६ साली आइल ऑफ वाइटजवळ समुद्रात बुडवण्यात आली. तिचे भलते रूप कोणाला पाहावे लागले नाही.

तापीकाठ: तो राजाचा थाट झाला, गिरणाकाठ. एवढा मोठा पुरावा हाताने बुडवण्यापेक्षा मी ताबार्लीचे प्लास्टिकही पत्करीन. मात्र ‘पेन ड्युइक’च्या पाटीवर १८९८च्या शेजारी १९५८ हेही साल तेवढ्याच ठळक अक्षरांत असावे, एवढी माझी अट आहे.

सातपुडा: त्या अटीला माझी हरकत नाही. पण मग ‘ट्रिंकोमाली’च्या बदललेल्या प्रत्येक फळीवरही साल कोरायला सांगा.