पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा विषाणूजन्य रोग): कुत्र्यांचं तपासणी किट चालतं का, आणि घर कसं धुवायचं?

प्रश्न:
मांजराचं पिल्लू तीन महिन्यांचं, एकही लस झालेली नाही. कालपासून पिवळ्या फेसाच्या उलट्या. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पीत मात्र नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ९००, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी कुत्र्यांच्या पार्व्हो या विषाणूच्या किटवर शी तपासली, पॉझिटिव्ह आली. या किटवर भरवसा ठेवावा का? घरात चार वर्षांची मांजरही आहे, तिच्या लसी वेळेवर झाल्यात.

उत्तर १:
ठेवा. कुत्र्यांचा पार्व्हो आणि मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू इतके जवळचे की किट दोन्ही पकडतं. निगेटिव्ह आलं असतं तरी ९०० पेशी पाहून उपचार सुरूच करायला हवे होते. हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशी गाठतो, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. अस्तर गळलं की आतड्यातले जीवाणू रक्तात शिरतात, आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी इथे इंजेक्शन देतात ते यासाठी. सोबत शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, रक्तातली साखर आणि पोटॅशियम यांवर लक्ष. घरी पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराचा जीव जातो त्याने.

उत्तर २:
मोठ्या मांजरीला धोका फार कमी, तरी वेगळी ठेवा. सफाईत बहुतेक घरं फसतात ती फिनेलमुळे. फिनेलवर या विषाणूसाठी विसंबता येत नाही, शिवाय त्यातलं फिनॉल मांजराला विषारी. सॅनिटायझरही कुचकामी. आधी साबणाने घासून घ्या, कारण घाण राहिली की ब्लीचचा जोर मरतो. मग १ लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच, ताजं कालवलेलं. फरशी १० मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. गादी, नखं घासायचा दोरीचा खांब, शी-शूच्या मातीचा ट्रे सरळ टाकून द्या. विषाणू घरात वर्षभर तग धरतो, तेव्हा पुढचं पिल्लू लसी पूर्ण करूनच आणा: सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळावा आठवडा उलटेपर्यंत. आईकडून आलेली प्रतिपिंडं आधीचे डोस निकामी करू शकतात, त्यामुळे शेवटचा डोस चुकवायचा नाही.

प्रश्नकर्ती:
आज तापमान ३७.१ आलं. ताप उतरला ना?

उत्तर १:
नाही, हे धोक्याचं आहे. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि आत्ताच दवाखान्यात न्या.