बाबांच्या रिपोर्टमध्ये बीएपी१ आलंय, म्हणजे किती दिवस?

कराडची_लेक
बाबा ६४ वर्षांचे. पाच आठवड्यांपूर्वी डावी किडनी काढली. गाठ ८ सेंमी, क्लिअर सेल (किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), ग्रेड ३ (पेशी बऱ्याच बिघडलेल्या), स्टेज टी३ए (किडनीलगतच्या भागात शिरलेली). सीटीत बाकी कुठे काही नाही. भावाने पदरचे पैसे घालून गाठीची जनुक चाचणी करून घेतली, त्यात बीएपी१ या जनुकात म्युटेशन (बदल) निघालं. इंटरनेटवर ‘आयुर्मान कमी’ वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आम्हा भावंडांनाही तपासणी लागेल का?

पॅथॉलॉजीवाली
ताई, मी रोज अशा स्लाइड बघते, म्हणून सविस्तर लिहिते. व्हीएचएल, पीबीआरएम१, सेटडी२ आणि बीएपी१ ही चारही जनुकं तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असतात. क्लिअर सेल गाठीत त्या भुजेची एक प्रत बहुतेक वेळा गळालेलीच असते. उरलेल्या प्रतीतलं बीएपी१ बिघडलं, तर गाठ सहसा वरच्या ग्रेडची निघते. नुसतं पीबीआरएम१ बिघडलेल्यांपेक्षा असे रुग्ण कमी जगले, हे २०१३ च्या अभ्यासात दिसलं. पण तो हिशेब शेकडो जणांचा मिळून आहे. बाबांचे ग्रेड आणि स्टेज त्यातलं बरंच काही आधीच सांगतात.

आणखी एक. २०१२ साली लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या एकाच गाठीचे बरेच तुकडे तपासले. जवळपास दोनतृतीयांश म्युटेशन सगळ्या तुकड्यांत नव्हती. एका तुकड्यात चांगल्या भविष्याची खूण, दुसऱ्यात वाईटाची! तुमचा रिपोर्ट कोणत्या तुकड्याचा आहे, ते विचारा.

मुलांचं म्हणाल, तर आधी बाबांचं रक्त तपासा. बदल फक्त गाठीत असेल तर तो वारशाने आलेला नाही. रक्तातही सापडला तर मात्र तुम्ही दोघांनी जेनेटिक काउन्सेलरकडे जा, कारण त्यात डोळ्यांचा मेलेनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) आणि मेसोथेलिओमा (फुप्फुस किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर) यांचाही धोका असतो.

आईसोबत
माझ्या आईचीही टी३ए होती. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) द्यायचं की नाही, हे स्टेज-ग्रेडवर ठरलं, जनुकांवर नाही. रुग्णांवरच्या ज्या अभ्यासावरून ते औषध मान्य झालं, त्यात शस्त्रक्रियेपासून १२ आठवड्यांच्या आतले रुग्ण होते. औषध फार महाग आहे, पण डॉक्टरांना आत्ताच विचारा.

कराडची_लेक
म्हणजे आमच्या हातात सात आठवडे आहेत. सोमवारी ऑन्कॉलॉजिस्टची वेळ घेतली. ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड घेऊन जातेय, रक्ताचंही विचारते. बाबांना आज एवढंच सांगितलं, की डॉक्टरांना औषधाबद्दल विचारायचंय.